तुझ्याच आवाजात

“माका आता वाचूक जमणा नाय. मगे तू वाच, मी ऐकतंय. त्यात इतको विचार कित्याक?” कोन्सेसांव म्हणाली.

शेवंती तिच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. ती मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

साखरेच्या आजारात कोन्सेसांवचे डोळे गेले, त्याला वर्ष होत आलं होतं. त्याआधी शेवंतीच्या प्रत्येक कथेची पहिली वाचक तीच. दोघी मालवणातल्या एकाच शाळेत शिकवायच्या. एका मोठ्या तापातून उठल्यावर शेवंतीने नोकरी सोडली, तेव्हा ‘घरात बसून कुढू नको, लिही’ असं कोन्सेसांवनेच तिला बजावलं होतं.

शेवंतीने लिहिलं. खाडीकाठच्या बायकांच्या कथा, संवाद सगळे मालवणीत. प्रकाशकांनी कळवलं, मालवणी कमी करा, वाचकांना जड जाईल. तिने ते मानलं नाही. कुडाळच्या छापखान्यात स्वतःच पुस्तक छापून घेतलं. नातेवाइकांनी एकेक प्रत नेऊन शोकेसमध्ये ठेवली आणि बाकीचे गठ्ठे माळ्यावर गेले. शेवटच्या दोन कथा कोन्सेसांवच्या वाचायच्या राहिल्या होत्या.

कोन्सेसांवची मुलगी वेनेसा पणजीच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करायची. सुट्टीला आली होती. तीही खुर्ची ओढून शेवंतीच्या समोर येऊन बसली.

“मावशे, हकडे माणसांचे हात मोकळे खंय असतत? कोण मासे निवडता, कोण गाडी चालयता. कान तेवढे मोकळे. आणि तुझा मालवणी कानांसाठीच आसा. मुंबयत वाढलेल्या पोरांका वाचूक येणा नाय, पण ऐकला काय बरोबर समाजता. प्रकाशकाच्या दारात जावक नको. पुस्तक तुझा, हक्क तुझे.”

“मगे तू वाच,” शेवंती म्हणाली. “नायतर पणजीचो कोणतरी बघ.”

“भाड्याच्या आवाजात तुझी माणसा बोलतली?”

“माझो आवाज आता तसो रवलो नाय गो. लोक हसतले.”

“हसांदे,” कोन्सेसांव मधेच म्हणाली. “माका तुझोच आवाज व्हयो.”

तेवढ्यात लाईट गेली आणि बोलणं तिथेच राहिलं. पण घरी जाताना शेवंतीच्या मनात विचार आला. शेवटच्या दोन कथा कोन्सेसांवला मिळाल्याच नाहीत, तर मग आपण लिहिलं कुणासाठी? दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुस्तक घेऊन हजर झाली.

वेनेसाने आपल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या. माईक मांडला. कानांवर हेडफोन चढवून ती टेबलापलीकडे बसली. तळवा खाली झुकवला की सावकाश, मूठ मिटली की थांबायचं, असं ठरलं. रस्त्यावरून मोटरसायकल गेली की मूठ वर यायची. म्हावरेवाली ओरडत गेली की पुन्हा मूठ. शेवंती थांबायची, वाक्य पहिल्यापासून घ्यायची. एक हात छातीवर ठेवून ती वाचत असे.

पहिल्या दिवशी फारसं काही जमलं नाही. पुष्कळ वाचन वेनेसाने पुन्हा करायला लावलं. शेवंती दोनदा उठून निघाली, आणि दोन्ही वेळा दारात उभी असलेली कोन्सेसांव बाजूला झाली नाही.

खाडीवर होडी चालवणाऱ्या तरीवाल्या म्हातारीची कथा आली. शेवटचं पान वाचून शेवंतीने मान वर केली, तर वेनेसा डोळे पुसत होती. तेव्हा कुठे शेवंतीला वाटलं, हे जमतंय.

वेनेसाने हे बोलतं पुस्तक एका ॲपवर चढवलं. आधी काहीच घडलं नाही. मग मेसेज येऊ लागले.

काजूच्या कारखान्यातल्या एका बाईने लिहिलं, ‘आमी सगळ्यांनी मिळान ऐकला. सुपरवायझर पण थांबलो.’ देवगडचा हापूस मुंबईला नेणाऱ्या ड्रायव्हरने कळवलं, ‘तळेऱ्याक लावलंय, पेण कधी इला कळला नाय.’ डोंबिवलीच्या एका नर्सची मुलं आता आजीशी फोनवर मालवणीत बोलत होती. एकाने लिहिलं होतं, ‘तुमच्या आवाजात कायतरी येगळा आसा. माझी आये अशीच सावकाश बोलायची. उपकार झाले.’

कुणी फोन केला तर शेवंतीचा नवरा सुदेश घ्यायचा आणि मग तिच्या पुढ्यात बसून सगळं सांगायचा. बरेच जण छापील पुस्तकही मागत होते. माळा हळूहळू रिकामा होत गेला. शेवंती प्रत्येक मेसेजला उत्तर लिहायची, आणि प्रत्येक उत्तरात कोन्सेसांवचं नाव असायचं.

एका दुपारी ती गेली, तर कोन्सेसांव घरापुढच्या बल्कांवात बसली होती. मांडीवर मोबाईल होता. शेवटची कथा नुकतीच संपली होती. तिने चाचपत शेवंतीचे दोन्ही हात धरले.

“शेवंते, देव बरें करूं. पुस्तक माका परत गावला गो.”

“माका लिवूक तूच लायलंस. वाचूकय तूच. देव तुझाच बरा करूंदे.” शेवंती म्हणाली. मग बऱ्याच दिवसांपासून मनात असलेलं तिने विचारलं, “खरा सांग हां. कसो आसा माझो आवाज?”

कोन्सेसांवने तोंड तिच्याकडे वळवलं. ओठ पुरते उघडत, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, “शाळेत होतो, तसोच.”

शेवंतीने ते शब्द तिच्या ओठांवरून वाचले. त्या तापानंतरच्या बारा वर्षांत तिने कुणाचाच आवाज ऐकला नव्हता, स्वतःचासुद्धा.