कोऱ्या काचेची पाल

दुकानात दुपारची शांतता होती. काचपेट्यांत सरडे आणि पाली झोपल्या होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक पेटीच्या मागच्या काचेवर त्यांची स्वप्नं संथपणे हलत होती.

हेमांगी साखळकर पहिल्यांदाच प्राणी पाळणार होत्या. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना स्वतःला स्वप्नं पडेनाशी झाली होती.

“नवख्या माणसाला हा सरडा बरा, काकू,” दुकानदार जयवंत म्हणाला. “स्वभावानं गरीब आहे. उंच पेटी आणि चढायला दोन फांद्या दिल्या, की झालं.”

त्या सरड्याच्या काचेवर ओलं रान डोलत होतं. शेजारची काच मात्र कोरी होती.

“ही पाल इथेच अंड्यातून निघाली,” जयवंत म्हणाला. “झाड पाहिलेलंच नाही, तर स्वप्न कसलं पडणार? हिला कुणी नेत नाही.”

“मग हीच द्या,” हेमांगीबाई म्हणाल्या.

घरी त्यांनी पेटीत जांभळीची फांदी उभी केली. पाच दिवस पाल तळाशीच बसून राहिली. सहाव्या दिवशी ती फांदीवर चढली, आणि दुपारी झोपल्यावर काचेवर धूसर हिरवं काहीतरी उमटलं. मग त्या हिरव्यातून वाकून बघणारा, चष्मा लावलेला एक चेहरा दिसला. तो त्यांचाच होता.

दारावरची बेल वाजली. पाल जागी होईल म्हणून हेमांगीबाई उठल्याच नाहीत.