चार वाजून दहा मिनिटं

आवक नोंदवहीतल्या त्या ओळीत शून्य दोनदा गिरवलेलं होतं. बाकीच्या ओळींत एकदाच. कुलगुरूंनी भिंगातून पाहिलं, तर आकडा बदललेला नव्हता. लिहिणाऱ्याचा हात तिथे जरासा थबकला होता, एवढंच. वेळ ४.१०.

"मॅडम, अजून किती बघणार?" कुलसचिव म्हणाले. "पाच महिने झाले. ही फाईल आता पिकून गळून पडेल."

कुलगुरूंनी भिंग खाली ठेवलं. त्या मूळच्या पदार्थविज्ञानाच्या. मोजल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही, आणि इथे मोजण्यासारखं एवढंच होतं.

विद्यापीठाचं वार्तापत्र दर शुक्रवारी सकाळी नऊला सगळ्यांच्या ई-मेलवर जायचं. मजकूर गुरुवारी चारला बंद. त्या गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी अभियंत्याची चिठ्ठी आली. रसायनशास्त्राच्या तळघरात नायट्रोजनच्या खोलीतला हवा बाहेर काढणारा पंखा बंद पडला आहे, दुरुस्ती होईपर्यंत आत जाऊ नये. चिठ्ठीची नोंद झाली. वार्तापत्रात ती आली नाही. दाराला कुलूप घालणं अभियंत्याच्या कामात बसत नव्हतं. कळवणं बसत होतं, ते त्याने केलं होतं.

शनिवारी सकाळी एक संशोधक मुलगी त्या खोलीत गेली. नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो. श्वास कोंडतोय हे माणसाला कळतही नाही. सव्वीस वर्षांची होती. जनसंपर्क अधिकारी बाईंची एकुलती एक लेक.

आणि वार्तापत्र निघायचं ते बाईंच्याच खात्यातून. त्याची पानं जुळवायचे अण्णा. बाईंच्या समोरच्या टेबलावर सोळा वर्षं बसलेले.

चौकशी समितीने अकरा जणांच्या जबान्या घेतल्या. बाईंना बोलावलं नाही. आईला काय विचारायचं, असं अध्यक्षच म्हणाले. अण्णांनी लेखी उत्तरात एकच ओळ दिली होती: मला काही सांगायचं नाही. निष्कर्ष निघाला हलगर्जीपणाचा. शिफारस झाली बडतर्फीची. सही तेवढी राहिली होती.

"बाई आजही बाहेर बाकावर बसल्यात," कुलसचिव म्हणाले. "दर बुधवारी येतात. काही मागत नाहीत, बोलत नाहीत. तासाभराने उठून जातात. बघवत नाही हो. कुणाचं तरी नाव लागल्याशिवाय त्या माउलीला झोप कशी लागणार? आणि अण्णांनी कबूलच केलंय."

"कबूल नाही केलं. गप्प बसले."

"आपल्या कचेरीत तेच कबूल करणं असतं, मॅडम."

"अण्णाही आलेत ना आज? दोघांनाही आत बोलवा."

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आत येताच त्यांनी सवयीने बाईंसाठी खुर्ची मागे ओढली. बाई बसल्या. ते उभेच राहिले.

"बसा ना, अण्णा."

"नको, मॅडम. बसलो की गुडघा उठू देत नाही."

"निवृत्तीला किती दिवस राहिले?"

"एकोणीस."

"निलंबनाचं घरी माहीत आहे?"

"नाही. बायकोला सांगितलंय, कचेरीत रंगकाम चाललंय म्हणून सुट्टी आहे. पाच महिने झाले. परवा विचारत होती, राजवाडा रंगवताय की काय."



"वहिनींना सांगितलं नाहीत तुम्ही?" बाईंनी विचारलं. त्या खोलीतलं ते त्यांचं पहिलंच वाक्य.

"काय सांगू, बाई? तुम्ही घरी जा बघू. इथे बसून ती काय परत यायचीय? माझं काय, असंही जायचंच होतं. तसंही जाईन."

कुलसचिवांनी कुलगुरूंकडे पाहिलं. ऐकलंत ना, असं.

बाई टेबलाच्या कडेकडे बघत बोलू लागल्या. "ती वार्तापत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. दर शुक्रवारी. माझ्या चुका काढायला. मग फोन, ‘आई, आज दोनच सापडल्या, सुधारतेयस.’ त्या शुक्रवारीही आला होता."

बाहेर कुणीतरी झेरॉक्सच्या यंत्राला थापटत होतं. ते सुरू झालं, पुन्हा थांबलं.

"अण्णा," कुलगुरू म्हणाल्या, "शेवटचं विचारते. चिठ्ठी तुमच्या हातात आली. नोंद तुम्ही केलीत. सकाळी नऊला अजून जवळजवळ सतरा तास होते. का घेतली नाही?"

अण्णा फरशीकडे बघत होते. "राहून गेलं."

"पाच महिन्यांत हे आज पहिल्यांदा म्हणताय."

"मग आज म्हणतोय ना. लिहून घ्या."

कुलसचिवांनी फाईल उघडून पुढे सरकवली. सहीच्या जागी पेन्सिलने बारीक फुली केलेली होती. कुलगुरूंनी पेनचं टोपण काढलं. तारीख घातली. या पाच महिन्यांत त्यांनी हा कागद सहा वेळा समोर घेतला होता आणि सहा वेळा बाजूला ठेवला होता. आता ठेवायला कारण उरलं नव्हतं.

"सही करू नका," बाई म्हणाल्या.

"बाई!" अण्णांचा आवाज चढला. सोळा वर्षांत तो कुणी तसा ऐकला नव्हता. मग एकदम उतरला. "नको, बाई. हात जोडतो तुम्हाला. एक शब्द बोलू नका."

बाई उठल्या. खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"दर बुधवारी हे सांगायचं ठरवून येते आणि बाकावरूनच परत जाते," त्या म्हणाल्या. "अण्णा चिठ्ठी घेऊन पान बदलायला निघाले होते. वेळ संपली, असं सांगून मीच त्यांना खाली बसवलं."