मधोमध ठेवलेलं पुस्तक

"हे पुस्तक तुला कशाला गं? शाळेत लायब्ररी नाही का?" माझ्या युनिफॉर्मकडे बघत दाढीवाल्या दादाने विचारलं.

आहे की! पण तिथे कोळ्यांवर जेमतेम दीड पान. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मात्र हा जाडजूड ग्रंथ. घरी न्यायला मिळत नाही, इथेच बसून वाचायचा. उद्या विज्ञान प्रदर्शन, आणि माझ्या बरणीतल्या कोळ्याचं नावच मला ठाऊक नव्हतं.

"मी कोळ्यांवर पीएचडी करतोय. आण इकडे."

गेल्या वर्षीची मी असते, तर पुस्तक देऊन वर सॉरीही म्हणाले असते.

"मी आधी मागितलंय," मी म्हटलं. "घाई असेल तर शेजारी बसा ना, दादा. खुर्ची रिकामी आहे."

काउंटरवरच्या बाई खुदकन हसल्या. दादा धुसफुसत बसला. मी पुस्तक मधोमध सरकवलं आणि भराभर पानं उलटू लागले.

"अगं, हळू! काय वर्तमानपत्र आहे का?"

"मला चेहरा शोधायचाय, परीक्षा नाही द्यायची."

आणि सापडला! तेच टपोरे डोळे, पायांवर तेच पांढरे पट्टे. मी आनंदाने ओरडलेच. बाईंनी "श्शू!" केलं.

"हा? कुठे मिळाला तुला?" दादा पुढे वाकला.

"आमच्या बाथरूमच्या खिडकीत."

मी नाव उतरवून घेतलं आणि पुस्तक त्याच्याकडे ढकलून उठले.

"चाललीस कुठे? बस," तो म्हणाला. "पुढच्या पानावर याची मादी आहे."

"मग उलटा की!"