ड्राइव्ह कण्हतेय

"अजून एरर येतोय," मी हेल्पलाइनवरच्या ऋजुताला सांगितलं. डेटा साठवायला घेतलेली नवी एक्सटर्नल ड्राइव्ह, एसएसडी, खरं तर केव्हाच फॉरमॅट झाली होती. पण या शहरात आल्यापासून ओटीपी न मागता माझ्याशी बोललेली ती पहिलीच.

"केबल बदलून पाहा, सर."

"बदलली," मी जागचा न हलता म्हणालो. "आता ड्राइव्ह कण्हतेय."

"एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती आवाज करत नाही, सर."

"म्हणून तर काळजी वाटतेय. अंगही तापलंय."

"सर, तुमची स्क्रीन मला इथून दिसतेय. फॉरमॅट मघाशीच झालंय."

स्क्रीन शेअर केल्याचं मी विसरलोच होतो. ओशाळून फोन ठेवू लागलो.

"थांबा हो," ती म्हणाली. "डबा उघडलाय, पण एकटीला जेवण जात नाही. तुमच्या ड्राइव्हनं आज काही खाल्लंय का?"