रंगीत दिव्यांचे पंखे

गेमिंग कॉम्प्युटरसाठी घरून पन्नास हजारच मिळणार होते. तेवढ्या पैशांत चांगलं ग्राफिक्स कार्ड बसावं म्हणून दानेश्वरीनं यादीतून रंगीत दिव्यांचे पंखे आणि काचेचं कॅबिनेट खोडलं. दुकानात आईनं यादी हातात घेतली.

"हे का खोडलंस?"

"नुसता झगमगाट हाय तो. त्यानं गेम काय जोरात पळत न्हाय."

"असू दे की. वरचे पैसे मी देते."

एवढे दिवस गेमला नावं ठेवणारी आई! दानेश्वरीनं तिला तिथंच मिठी मारली.

तिच्या खांद्यावरून आईनं दुकानदाराला विचारलं, "दादा, हे दिवे सलग तीन दिवस चालू ठेवले तर चालतंय ना? औंदा लक्ष्म्यांच्या आराशीत मधोमध हेच ठेवायचंय."