खड्यांचा डबा

बायको सिग्ने वारल्याचा निरोप गावच्या इस्पितळातून आला, तेव्हा हाल्वर कापणीच्या यंत्राला तेल घालत होता. समोर प्रेअरीच्या माळावर मैलभर गहू पिकून उभा होता. यंत्र ओढायला बत्तीस घोडे लागत आणि उंच बैठकीवरून ते सिग्नेच हाकायची. घोड्यांना नावंही तिनेच ठेवलेली.

तिला माती देऊन आल्यावर त्याने घोडे जुंपले.

“धनी, हाकणारा आणू या का कुणी?” यंत्रावर भरणारी पोती शिवणाऱ्या म्हाताऱ्या ट्रुल्सने विचारलं.

“घोडे माझे, गहू माझा. मीच हाकणार.”

वर चढून त्याने हाळी दिली. एकही घोडा हलला नाही. बैठकीशेजारी सिग्नेचा खड्यांचा डबा होता. आळशी घोड्याला मारायला प्रत्येक हाकणारा असे खडे ठेवायचा. हाल्वरने एक फेकला. तो भलत्याच घोड्याला लागला.

“धनी, याच्यापेक्षा गारा बऱ्या,” ट्रुल्स हसला. “त्या निदान सगळ्यांना लागतात.”

दुसरा खडा घ्यायला हाल्वरने डबा उचलला. आतले खडे खुळखुळले आणि बत्तीस घोड्यांचे कान ताठ झाले. सिग्नेचा डबा हंगामभर भरलेलाच का राहायचा, ते त्याला आत्ता कळलं. त्याने तो जोरात हलवला. यंत्र धडधडत निघालं.

गारा पडायच्या आधी सगळा गहू पोत्यांत आला. पुढच्या वर्षीही तोच हाकणार आहे. वसंतात, सिग्ने इस्पितळात गेल्यावर, जन्मलेल्या शिंगराला नाव ठेवायचं मात्र अजून राहिलं आहे.