औषधांच्या कपाटाची किल्ली

आयाच्या धाकट्या मुलीला ज्या वर्षी जुळं झालं, तेही रस्त्यात, भाड्याच्या जीपमध्ये, त्याच वर्षी मिशनच्या बंद दवाखान्यात सिनेमाचं शूटिंग आलं. यादवीच्या वेळी मिशनची माणसं जीव मुठीत धरून कशी निसटली आणि देवाने त्यांना कसं तारलं, त्याचा सिनेमा. तो चालला की दवाखाना पुन्हा उघडायचा, असं दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं.

म्हातारी आया बाळंतिणींच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. या खोलीची फरशी तिने अठ्ठावीस वर्षं पुसली होती. आत सिनेमात तिचं काम करणारी नटी हुंदके देत होती.

"मी इतकी गोरी नव्हते," आया मुलीला म्हणाली, "आणि इतकी रडकी तर मुळीच नव्हते."

मुलीने जुळ्यातलं खांद्यावरचं एक बाळ सावरत तिला कोपराने ढोसलं. गप बस, ऐकू जाईल.

आत तरुण सिस्टर झालेल्या नटीने कमरेची किल्ली सोडली, रडणाऱ्या नटीच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली. बाहेर गाडीचं इंजिन सुरू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या सिस्टर चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, परदेशातून त्यांना मुद्दाम आणलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

खरं तर सिस्टरांनी किल्ली दिलीच नव्हती, हे आयाने दिग्दर्शकाला मागेच सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता. कॅमेरा सुरू करण्याआधी दर वेळी डोळे मिटून प्रार्थना करायचा. तो म्हणाला होता, आजी, किल्ली कशी मिळाली याला काय महत्त्व, श्रद्धेला महत्त्व. मुलगी तर आठवडाभर मागेच लागली होती. जीपमध्ये माझे काय हाल झाले ते तू डोळ्यांनी बघितलंस, मग एक वाक्य बोलायला तुझं काय जातंय?

शेवटचं दृश्य खऱ्या दोघींचं होतं. आयाची खुर्ची सिस्टरांच्या शेजारी, औषधांच्या जुन्या कपाटासमोर मांडली. आयाने वाक्य बिनचूक म्हटलं.

"सिस्टरनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, आता हे तूच सांभाळ."

दिग्दर्शक खूश झाला. फक्त सिस्टरांचा चेहरा जरा पडलेला आलाय म्हणाला. पुन्हा एकदा घेऊ, सिस्टर, थोडं हसा. कॅमेरा सुरू झाला. आया तोंड उघडणार तोच सिस्टरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"किल्ली माझ्या कमरेलाच राहिली होती," सिस्टर म्हणाल्या. "सरहद्दीपलीकडे आडवी झाले तेव्हा टोचली. तेव्हा कळलं."

"हो, सिस्टर."

"मग कपाट कधी उघडलंस?"

आयाने मुलीकडे पाहिलं. मुलगी नको नको अशी मान हलवत होती.

"तिसऱ्या दिवशी."

इतका उशीर का, असं सिस्टरांनी विचारलं. आयाने सांगितलं, तुम्हीच म्हणाला होतात, दोन दिवसांत येतो. शिवाय सिस्टरना विचारल्याशिवाय कपाटाला हात लावायचा नाही, फरशी पुसायच्या हाताने तर नाहीच नाही, हे ती कामाच्या पहिल्या दिवशी शिकली होती. दुसऱ्या दिवशी गावचा सुतार पटाशी घेऊन आला होता. एका घावात उघडतो म्हणत होता. ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली. तो पाया पडला तरी हलली नाही.

"मी त्याला म्हटलं, सिस्टर येतील. येऊन कपाट फोडलेलं बघितलं तर मला काय म्हणतील?"

दिग्दर्शकाने थांबवायला हात वर केला होता, पण कॅमेरावाला त्याच्याकडे बघत नव्हता.

"सुताराला काय हवं होतं?" सिस्टरांनी विचारलं.

"रक्त थांबवायचं इंजेक्शन. त्याची सून होती. पहिलटकरीण. मी लुगडी फाडून फाडून लावली, पण धार काही थांबेना. तुम्ही देत होता ते मी शंभर वेळा बघितलं होतं. सुई कुठे टोचायची तेही माहीत होतं."

मग सिस्टरांनी विचारलं, "ती मी असताना दवाखान्यात होती?"

"खिडकीखालच्या खाटेवर. निघताना तुम्ही तिच्या पोटाला हात लावून बघितलं. म्हणालात, घाबरू नकोस, अजून अवकाश आहे."

मुलीच्या खांद्यावरचं बाळ रडायला लागलं. ती त्याला घेऊन बाहेर गेली नाही. तिथेच उभी राहून थोपटत राहिली.

सिनेमात पहिल्या वेळचं वाक्यच ठेवलं.

सिस्टर सिनेमा लागायच्या महिनाभर आधी वारल्या. सुताराची सून वारली ती मिशनची गाडी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास. एकोणीस वर्षांची होती.